‘जिवाणू सोडले असते तर?’ पीथमपूरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांमध्ये एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत बहुतेकांच्या फोनवर तो येऊन गेला असावा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शास्त्रज्ञांना किरणोत्सर्ग खाणारे जिवाणू सापडलेत, प्लास्टिक खाणारे सापडलेत, विष पचवणारेही सापडलेत. आपल्या देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा कचऱ्याचा डोंगर जिवाणूंनीच गायब केला. मग भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा आपल्या शेजारच्या पीथमपूरला आणून जाळलाच कशाला? चार ड्रम जिवाणू ओतले असते तर फुकटात काम झालं असतं आणि मागे काही उरलंही नसतं.

यातले बरेचसे जीव खरोखर अस्तित्वात आहेत, म्हणून मेसेज पटतो. गडबड आहे ती त्यांच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेत.

आधी ‘किरणोत्सर्ग खाणारा’. हा डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये गॅमा किरणांनी मांस निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालू होते. डबाबंद मांसाला सगळं मरेल इतका मारा दिला, तरी एक डबा नासला, आणि त्यात हा सापडला. माणसाला उपचार मिळाले नाहीत तर पाचेक ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा जिवावर बेतते, हा पाच हजार ग्रे पचवतो. पण ‘पचवतो’ हे बोलण्यापुरतंच. किरणांनी त्याच्याही डीएनएचे शेकडो तुकडे होतात, तो फक्त ते काही तासांत पुन्हा नीट जोडतो. ही कला त्याला बहुधा कोरडं पडून राहण्यामुळे आली असावी, कारण पूर्ण सुकल्यावरही डीएनए असाच तुटतो. किरणोत्सर्ग त्याचं अन्न नाही. आणि असता तरी काय? किरण अणूच्या केंद्रातून निघतात आणि कोणत्याही जीवाचं रसायन तिथवर पोहोचत नाही. किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, पाच वर्षांहून थोडं जास्त आहे, ते त्यावर जिवाणू बसवल्याने कमी होणार नाही.

चेर्नोबिलच्या भिंतींवरची काळी बुरशी मेसेजमध्ये आहेच. किरणांच्या माऱ्यात मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या काही बुरश्या जास्त वाढताना दिसल्या, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्या किरणांतून ऊर्जा घेऊन जगतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आणि त्यांच्यामुळे चेर्नोबिल स्वच्छ झालं, असं तर ते काम करणाऱ्यांनीही म्हटलेलं नाही.

प्लास्टिकचं थोडक्यात सांगते. इडिओनेला साकाएन्सिस जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ सापडला आणि २०१६ मध्ये जगासमोर आला. तो खरंच पीईटी, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, खातो. मात्र प्रयोगात त्याने पीईटीची पातळ, सैल रचनेची फिल्म तीस अंशांवर सुमारे सहा आठवड्यांत संपवली. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक त्याहून घट्ट बांधणीचं असतं. दुधाची पिशवी तर पीईटीची नसतेच, ती पॉलिथिनची. तिथे त्याचं विकर लागू पडत नाही.

आता घरचा मुद्दा, आणि इथे मला राग येतो. ट्रेंचिंग ग्राउंड जिवाणूंनी साफ केलं असं म्हणणं म्हणजे तिथे राबलेल्या माणसांचं श्रेय पुसणं. २०१८ मध्ये तिथला सुमारे १३ लाख टन जुना कचरा हलवला गेला. पद्धतीचं नाव बायोमायनिंग, त्यामुळे ‘बायो’ तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. ढिगाच्या लांब रांगा करून त्यावर जिवाणूंचं कल्चर फवारतात आणि त्या पुन्हापुन्हा उलटतात. जिवाणूंमुळे ओला, कुजका भाग कुजून कोरडा होतो, वास आणि वजन कमी होतं. त्यांचं काम इथे संपतं. पुढे पोकलेन, फिरत्या चाळण्या आणि वेचणारे हात. माती वेगळी, दगडविटा वेगळ्या, प्लास्टिक आणि चिंध्या वेगळ्या. ते प्लास्टिक कोणी खाल्लं नाही, ते गाड्यांत भरून दुसरीकडे न्यावं लागलं.

इंदूरमध्ये जिवाणू खरोखर पोटभर काम करतात ते त्याच परिसरातल्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा या प्लांटची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. मोठ्या बंद टाक्यांत आधी जिवाणू कचरा फोडतात आणि शेवटी मिथेन बनवणारे जीव त्याचा गॅस करतात. (हे शेवटचे जिवाणू नसून आर्किया या वेगळ्याच गटातले सूक्ष्मजीव आहेत, पण मेसेजला एवढा बारकावा कुठून परवडणार.) हे मिथेनवाले अतिशय लहरी. ऑक्सिजन लागला की संपले. खाणं एकदम जास्त पडलं की टाकीत आम्ल साठतं आणि गॅस बसतो. तापमान सांभाळायचं, आम्लता सांभाळायची, प्लास्टिक आत जाऊ द्यायचं नाही. तुमच्या-माझ्या ओट्याखाली ओल्या-सुक्याचे डबे वेगळे आहेत म्हणून ते जगतात. दही लावतानाही दूध कोमटच लागतं, उकळत्या दुधात विरजण घालून कोणी वाट बघत बसत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला हाच फरक दिसलेला नाही. जे चिवट असतात ते सहसा कामसू नसतात. टर्सिकॉकस फिनिसिस हा जिवाणू अंतराळयान जुळवण्याच्या अतिस्वच्छ खोल्यांत सापडला, एकदा फ्लोरिडात आणि एकदा फ्रेंच गयानात. तिथे खायला जवळजवळ काहीच नाही, वर जंतुनाशकांचा मारा. तिथे टिकून राहणं हेच त्याचं कर्तृत्व. त्याच्यापुढे कचऱ्याचं पोतं ठेवलं म्हणून तो भराभरा खायला लागेल, हे कशावरून?

मग युनियन कार्बाइडचा कचरा. यात मेसेजची एक बाजू खरी आहे, ती आधी मान्य करू. त्या कारखान्यात सेविन, म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक बनत होतं, आणि कार्बारिल खाणारे स्यूडोमोनास जिवाणू मातीत मिळतात. मुंबईच्या आयआयटीत त्यांच्यावर तपशीलवार काम झालं आहे. ते कार्बारिलचं नॅफ्थॉल करतात, त्याचं पुढे सॅलिसिलेट, आणि अखेर त्यावर आपलं पोट भरतात. तिथल्या मातीत आढळणाऱ्या एचसीएच या क्लोरीनयुक्त विषाचंही असंच. लखनऊजवळ उम्मारी गावात या विषाचा कचरा टाकलेली जागा आहे. तिथल्या मातीत जगणाऱ्या स्फिंगोबियम गटाच्या जिवाणूंचा अभ्यास दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या गटाने वर्षानुवर्षं केला. माणसाने केलेल्या नरकात तयार झालेले हे जीव आहेत आणि ते विष फोडतातही. फक्त एचसीएचचा बीटा प्रकार त्यांनाही जड जातो.

पण पीथमपूरला आलं ते शेत नव्हतं. जवळपास अर्धी विषारी माती, बाकी सेविन-नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट बनलेलं कीटकनाशक, रिअ‍ॅक्टरमधला गाळ. सगळं कोरडं, पोत्यांत बांधलेलं. पाण्याशिवाय जिवाणू हलत नाही. पाणी घातलं तर विष पाण्यात उतरणार आणि ते पाणी धरून ठेवायला टाक्या लागणार. शिवाय मातीत किलोमागे काही मिलिग्रॅम कीटकनाशक असणं वेगळं आणि समोर कीटकनाशकाचाच ढीग असणं वेगळं. दुसऱ्या ठिकाणी खाणाराच मरतो. म्हणजे आधी ते पातळ करायचं, ३३७ टनांचे कित्येक हजार टन करायचे. ‘फुकटात’ हा शब्द इथेच गळतो.

राहिलं ‘मागे काही उरत नाही’. त्या कचऱ्यात पारा आणि इतर जड धातूही होते. धातू मूलद्रव्य आहे, ते फुटत नाही. काही जिवाणू पाऱ्याची वाफ करून हवेत सोडतात. काही त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, आणि जपानमध्ये मिनामाताला मासे खाणाऱ्या माणसांच्या मेंदूत गेलं ते हेच. म्हणजे पाऱ्याच्या बाबतीत चुकीच्या जिवाणूने खाण्यापेक्षा कोणीच न खाल्लेलं बरं.

याचा अर्थ जाळलं ते उत्तमच झालं असा कोणी काढू नये. जाळूनही धातू जात नाहीत. २०२५ च्या जूनअखेर जाळणं संपलं तेव्हा चुना वगैरे मिसळून राखच ८०० टनांहून जास्त झाली. ती कुठे पुरणार, खालचं अस्तर किती वर्षं टिकणार, शेजारच्या तारपुरा गावाच्या विहिरी कोण तपासणार, हे पीथमपूरच्या लोकांचे प्रश्न रास्त आहेत. जिवाणूंचा मेसेज त्या प्रश्नांना मदत करत नाही, उलट त्यांची टिंगल व्हायला निमित्त देतो.

ज्यांना जिवाणूंकडून खरंच काम करून घ्यायचं आहे त्यांनी भोपाळकडे बघावं. ३३७ टन फक्त गोदामात बांधून ठेवलेलं होतं. कारखान्याच्या आवारातली दूषित माती नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या २०१० च्या अहवालाने सुमारे ११ लाख टन धरली होती. तिथे विष मातीत पसरलेलं आहे, ओल आहे, आणि ते खाऊ शकणारे जीव बहुधा आधीपासून हजर आहेत. पारा नसलेला एखादा तुकडा आखून घ्यावा, एचसीएच दर महिन्याला मोजावं आणि आकडे जाहीर करावेत. मागणी करायची तर ही करा. पुढे पाठवायलाही हरकत नाही.