अळ्या मारून फुलपाखरं कशी येतील?

पावसाला सुरुवात झाली की बागकामाच्या गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. आठवड्याभरात बाग फुलपाखरांनी भरून जाईल, असं त्याचं आश्वासन. सल्ले पाच. भडक रंगाच्या फुलांच्या कुंड्या आणा, अळी दिसली की कडुनिंबाचं तेल फवारा, कुंपणाला टणटणी लावा, वाटीत साखरपाणी ठेवा आणि फुलपाखरं बघायला भल्या पहाटे बागेत जा. फुलपाखरं यावीत या खऱ्या इच्छेनेच लोक हे सगळं पाळतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहणं गरजेचं वाटतं.

'रंगीत फुलं लावली की फुलपाखरं येतात आणि राहतात.' येतात, हे खरं. राहत मात्र नाहीत. मध पिऊन झाला की ती पुढच्या बागेत जातात. एखाद्या जागी ती वर्षानुवर्षं का दिसतात, याचं उत्तर फुलांपेक्षा पानांत सापडतं. अंडी घालायच्या आधी मादी पानावर बसून पुढच्या पायांनी चव घेते. ते झाड तिच्या अळीच्या खाण्याचं असेल तरच अंडं ठेवते, नाहीतर उडून जाते. ही निवड फार काटेकोर असते. लिंबू, कढीपत्ता आणि बेलावर लिंबाळी फुलपाखरू. रुईवर प्लेन टायगर. कण्हेरीवर कॉमन क्रो. बहावा आणि टाकळ्यावर पिवळट-पांढरी एमिग्रंट. कृष्णकमळावर टॉनी कोस्टर, एरंडावर कॅस्टर, आंब्याच्या पानांवर बॅरन. सोसायटीच्या भिंतीलगत सरळसोट वाढणाऱ्या अशोकावर 'टेल्ड जे' नावाचं फुलपाखरू वाढतं, आणि त्या झाडाखालून रोज ये-जा करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या ब्लू मॉरमॉनची अळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे, त्यांनी पानफुटीची एक कुंडी ठेवावी. रेड पिएरो या छोट्या फुलपाखराची अळी पानफुटीच्या जाड पानात शिरून आतूनच पान पोखरते. काळी-पांढरी आणि नारिंगी नक्षी असलेलं हे देखणं फुलपाखरू शहरातल्या इमारतींतही दिसतं.

फुलं निवडतानाही रंगापेक्षा आकार बघा. पाकळ्यांनी गच्च भरलेला संकरित झेंडू आपल्याला आवडतो, पण त्यात सोंड घालायला वाव कमी. एकेरी पाकळ्यांचा झेंडू, झिनिया, एक्झोरा, पेंटास ही फुलं जास्त उपयोगी. कोरांटी तर दुहेरी कामाची: फुलांत मध आणि पानांवर लेमन पॅन्सीच्या अळ्या. विकत आणलेल्या रोपावर आधीच कीटकनाशक मारलेलं असू शकतं, हेही लक्षात ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

'अळी दिसली की कडुनिंबाचं तेल फवारा. सेंद्रिय आहे, फुलपाखरांना धोका नाही.' या मजकुरातला सर्वांत घातक सल्ला हाच. ती अळी म्हणजेच फुलपाखरू आहे. कडुनिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे अळीचं खाणं बंद होतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. त्याची ख्याती कीडनाशक म्हणून आहे ती याच गुणामुळे. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे सपशेल चुकतो. पिकावरची कीड आणि कढीपत्त्यावरचं लिंबाळीचं पिल्लू यांत फवारा फरक करत नाही. बीटी या जिवाणूपासून केलेली कीडनाशक पावडरही तशीच. ती अळ्या मारण्यासाठीच बनवलेली असते.

फवारणी करण्याआधी त्या झाडाकडे दोन आठवडे नुसतं बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लिंबाळीची लहान अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तिला डिवचलं तर डोक्यामागून तांबूस रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवाच. पुढे ती रेशमाच्या एका धाग्याने कमरेशी स्वतःला फांदीला बांधून घेते आणि कोष होतो. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात पूर्ण होतो. म्हणजे आठवड्यात बाग भरण्याचं आश्वासन इथेच निकालात निघतं.

झाड संपेल ही भीती रास्त आहे, पण मोठ्या झाडाच्या बाबतीत निराधार. बहुतेक अंडी आणि अळ्या गांधीलमाश्या, कोळी आणि पक्षी यांच्या तोंडी पडतात, मोजक्याच पार होतात. कढीपत्ता तर खाल्ला गेला तरी पुन्हा जोमाने फुटतो. कुंडीतलं वीतभर रोप मात्र दोन-तीन अळ्या खरोखर उघडं करू शकतात. तेव्हा अळी ज्या फांदीवर आहे ती फांदी कापून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर अडकवा. किंवा कढीपत्त्याची दोन रोपं लावा, एक फोडणीसाठी आणि एक फुलपाखरांसाठी.

'कुंपणाला टणटणी लावा.' टणटणीवर, म्हणजेच घाणेरीवर, फुलपाखरं झुंबड करतात हे मान्य. तरीही ती लावू नये. अमेरिका खंडातून शोभेसाठी आलेल्या या झुडपाने आपल्या जंगलांत केवढी जागा व्यापली आहे, ते सह्याद्रीत फिरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पक्षी तिची फळं खाऊन बी दूरवर नेतात, त्यामुळे ती तुमच्या कुंपणापाशी थांबत नाही. पानं गुराढोरांना विषारी आहेत. ती जिथे माजते तिथे स्थानिक झाडोरा उगवत नाही, आणि अळ्यांना हवा असतो तो नेमका हा झाडोरा.

'वाटीत साखरपाणी ठेवा.' वाटीला मुंग्या लागतात, पाणी आंबतं, आणि त्याच मुंग्या जवळच्या झाडावरची अंडीही नेतात. फुलं असलेल्या बागेत साखरेची गरज नाही. फुलपाखरांना, विशेषतः नरांना, हवे असतात क्षार. म्हणून ती ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर घोळक्याने बसतात. हे क्षार नराकडून मिलनाच्या वेळी मादीला मिळतात. उथळ थाळीत माती घेऊन ती ओली ठेवा, त्यात चिमूटभर मीठ किंवा थोडं शेण घाला. बॅरनसारखी काही फुलपाखरं फुलांकडे फारशी वळतच नाहीत. त्यांच्यासाठी फार पिकून काळं पडलेलं केळं किंवा पेरू झाडाखाली राहू द्या.

'भल्या पहाटे बघायला जा.' पहाटे पक्षी बघावेत. फुलपाखराचं अंग उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. सकाळी नऊच्या सुमारास ती पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा नक्षी निवांत बघता येते. अकराच्या पुढे ती चपळ होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा आपल्याकडचा सर्वांत भरघोस काळ. एखादी मादी फुलांकडे न बघता पानापानाला शिवत घुटमळताना दिसली, तर ती गेल्यावर कोवळी पानं तपासा. लिंबाळीचं पिवळसर गोल अंडं नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

दिवेलागणीला जमिनीलगत उडणारं तपकिरी फुलपाखरू दिसलं तर ते बहुधा ईव्हनिंग ब्राउन. त्याच्या अळ्या गवतावर वाढतात, तेव्हा बागेच्या एका कोपऱ्यातलं गवत दिवाळीपर्यंत तरी कापू नका.