ओरिजिनल कुठंय?

दिवाळीत भिंतीवर हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकाराचा पाऊस लावला. तोकाइदो या जपानमधल्या जुन्या रस्त्यावरचं शोनो गाव, तिरक्या सरी, पालखी घेऊन धावणारे भोई. आजच्या कारागिरांनी नव्या लाकडी फळ्यांवर कोरून छापलेली प्रत आहे ती. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर पुण्याहून मामाचा पहिला प्रश्न : "छापीलच ना? ओरिजिनल कुठंय?"

इथे तोक्योत या प्रश्नाला उत्तरच नाही. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवतात आणि त्यावरूनच कोरतात. कोरता कोरता चित्र संपतं. उरतात फळ्या, आणि त्यांवरून निघालेल्या प्रती. हिरोशिगेच्या वेळी, एदो काळात, अशी प्रत साधारण वाडगाभर सोबा नूडल्सच्या भावात मिळायची.

छपाई एकदा जवळून पाहिली. रंगागणिक वेगळी फळी, प्रत्येकीवर कोपऱ्यात कोरलेली खूण. ओलसर कागद त्या खुणेत बसवायचा. केसभर सरकला की वाया. मग बांबूच्या सालीत बांधलेली चकती, बारेन, अंगाचा भार देऊन घासायची. आभाळातली विरत जाणारी निळाई फळीत कोरलेली नसतेच. कारागीर ती दर प्रतीला हाताने उतरवतो, त्यामुळे दोन आभाळं कधी तंतोतंत जुळत नाहीत. आणि मामा याला झेरॉक्स म्हणतो!

आपल्याकडे रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीवरून हेच चालतं. मळवलीच्या छापखान्यातली ती चित्रं आजीच्या देवघरात होती. शिकलेसवरलेले 'कॅलेंडरवरची' म्हणून नाक मुरडायचे. आता त्याच जुन्या प्रती शोधत फिरतात. मला दोन्ही बाजू पोकळ वाटतात, कारण छापणारे हात कोणाचे, हे कुणीच विचारत नाही.

जपानीही यात फार उजवे नाहीत. २०२४पासून हजार येनच्या नोटेवर होकुसाई या चित्रकाराची प्रसिद्ध लाट आहे, तीही अशीच फळ्यांवरून छापलेली. जुन्या छापील प्रतींवर त्याची सही आहे, पण तो फेस ज्याने लाकडात कोरला त्याचं नाव नाही. विसाव्या शतकातल्या हिरोशी योशिदा या चित्रकाराने मात्र कोरणारे-छापणारे आपल्या नजरेखाली ठेवले आणि समासात 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का मारला. हा माणूस १९३०-३१ साली भारतात हिंडला होता. अजिंठा-वेरूळचीही चित्रं केली त्याने.

त्यातलं वेरूळ परवा मामाला पाठवलं. "अरे, हे तर आपलं!" मिनिटात उत्तर. ओरिजिनलची चौकशी नाही.