‘कराच्या पैशाचा हिशेब विचारणारं कोणी नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

अर्थसंकल्पाचे दिवस आले की एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांवर आला, तिसऱ्यांदा तर माझ्या जुन्या सहकाऱ्याकडून. मजकूर साधारण असा: ‘आपण घाम गाळून टॅक्स भरतो. किती घ्यायचा ते सरकार मनाला येईल तसं ठरवतं. बजेट चर्चेशिवाय पास होतं, खासदार फक्त हात वर करतात. कॅग सरकारचाच माणूस, त्याचे अहवाल रद्दीत जातात. लोकलेखा समिती नावापुरती. आणि टॅक्स भरतात फक्त दोन टक्के, तेव्हा हिशेब मागायचा हक्कही त्यांचाच.’

मी नोकरीची सगळी वर्षं एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात काढली. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांना उत्तरं लिहिणं हे माझं रोजचं काम होतं. हिशेब विचारणारं कोणी नाही, हे मी तरी मान्य करू शकत नाही. या संदेशात काही खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आधाराने बाकीचं खोटं खपून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘किती टॅक्स घ्यायचा ते सरकार मनाला येईल तसं ठरवतं.’ राज्यघटनेचं कलम 265 एका ओळीचं आहे: कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही, वसूलही करता येणार नाही. हे कागदावरच राहतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी 23 मार्च 2020 हा दिवस आठवावा. देशभरच्या टाळेबंदीची घोषणा दुसऱ्या दिवशी व्हायची होती. त्या दिवशी लोकसभेत वित्त विधेयक मंजूर झालं आणि त्यातल्या एका दुरुस्तीने विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा पेट्रोलवर लिटरमागे 10 वरून 18 रुपये आणि डिझेलवर 4 वरून 12 रुपये केली. पुढे मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर एकदम 10 आणि डिझेलवरचा 13 रुपयांनी वाढवला. या वाढीतला काही भाग ती मर्यादा वाढवल्याशिवाय लावताच आला नसता, म्हणजे सरकारला संसदेकडे यावंच लागलं. संसदेने ती परवानगी चर्चा न करता दिली. आपण जाब विचारायचा तो इथे. ‘सरकार मनाला येईल तसं करतं’ म्हटलं की त्या दिवशी सभागृहात बसलेला प्रत्येक सदस्य सुटतो.

‘बजेट चर्चेशिवाय पास होतं.’ हा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, आणि मला सर्वांत जास्त टोचणाराही हाच आहे. संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपया काढायचा तरी विनियोजन कायदा, म्हणजे खर्चाला संसदेची परवानगी देणारा कायदा, लागतो. त्याआधी प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत मांडल्या जातात. सदस्य कपात सूचना देऊ शकतो. धोरणच पटत नसेल तर मागणी 1 रुपयावर आणा असंही म्हणू शकतो. पण चर्चेसाठी ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. थोड्याच मंत्रालयांवर चर्चा होते, बाकीची त्याखाली जातात. 14 मार्च 2018 रोजी तर एकाही मागणीवर चर्चा झाली नाही. 23 मार्च 2023 रोजी पुन्हा तेच घडलं. सत्ताधारी राहुल गांधींच्या माफीवर अडून बसले होते, विरोधक अदानी प्रकरणी संयुक्त समितीवर, आणि सुमारे 45 लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प गोंधळातच मंजूर झाला. शाळा, रेल्वे, खतं, संरक्षण, सगळं त्यात होतं. यात दोन्ही बाजू दोषी आहेत, असं माझं ठाम मत आहे. हिशेब विचारायची वर्षातली ही सर्वांत मोठी संधी असते, आणि ती दोघांनी मिळून घालवली.

खर्चाचा एक मोठा भाग मुळात मताला येतच नाही, हेही सांगायला हवं. कर्जावरचं व्याज हा भारित खर्च, त्यावर चर्चा करता येते पण मतदान नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 50.65 लाख कोटी आणि त्यातलं व्याज 12.76 लाख कोटी, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा.

तरीही ‘फक्त हात वर करतात’ हे पूर्ण चित्र नाही. 1993 पासून खात्यांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत 31 सदस्य. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावून गेल्या वर्षीचा पैसा का खर्च झाला नाही ते विचारतात आणि अहवाल देतात. तिथे कॅमेरे नसतात, म्हणून तिथलं काम आपल्या फोनपर्यंत पोचत नाही.

आणि दिल्लीकडे बोट दाखवताना आपल्या विधिमंडळाकडेही बघू. 2024 च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नव्हते. पुरवणी मागणी ही वर्षाच्या मध्ये अचानक आलेल्या गरजेसाठी असते. आमच्याकडे एखाद्या गटविकास अधिकाऱ्याने जूनमध्ये तरतूद घेऊन जुलैत तिची दुरुस्ती मागितली असती, तर आम्ही प्रस्ताव परत पाठवला असता.

‘कॅग सरकारचाच माणूस.’ कॅग म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांची नेमणूक सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती करतात आणि निवड कशी करायची याचा वेगळा कायदा नाही, ही उणीव मान्य. पण एकदा नेमल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांना हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकीच अवघड प्रक्रिया लागते, आणि पद सोडल्यावर केंद्र किंवा राज्याच्या सेवेत दुसरं पद घेता येत नाही. त्यांच्या कामाकडे बघा. 2018-19 च्या केंद्रीय लेख्यांवरच्या अहवालात कॅगने दाखवलं की त्या वर्षी 35 उपकरांतून 2,74,592 कोटी रुपये गोळा झाले आणि संबंधित राखीव निधींत त्यातले फक्त 1,64,322 कोटी गेले. उपकर ज्या कारणासाठी घेतला त्याच निधीत तो जायला हवा, आणि राज्यांना त्यात वाटा मिळत नाही. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे आपण तो भरतो. जीएसटी भरपाई उपकराचे दोन वर्षांतले 47,272 कोटीही भरपाई निधीत जमा केले नव्हते, असं तोच अहवाल सांगतो. अर्थ मंत्रालयाने याला उत्तर दिलं की हा हिशेब जुळवण्याच्या काळापुरता तात्पुरता प्रश्न होता आणि राज्यांना भरपाई दिली गेली. ते उत्तरही वाचावं. पण सरकारला असं जाहीर उत्तर द्यावं लागलं, ते कॅगने विचारलं म्हणूनच. 2023 मध्ये आयुष्मान भारत योजनेत साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले सापडले, तेही याच कार्यालयाने शोधलं.

खरी पळवाट दुसरीकडे आहे. कलम 151 प्रमाणे अहवाल संसदेच्या किंवा विधानसभेच्या पटलावर ठेवायचा असतो, पण किती दिवसांत ते घटनेत लिहिलेलं नाही. दिल्ली राज्यात आधीच्या सरकारच्या काळात कितीतरी अहवाल अडून राहिले आणि सत्ता बदलल्यावर, फेब्रुवारी 2025 पासून पटलावर यायला लागले. अहवाल रद्दीत गेले नाहीत, अडवून धरले गेले. मुदत घालणारी एक दुरुस्ती मागायला काय हरकत आहे?

‘लोकलेखा समिती नावापुरती.’ कॅगचे अहवाल तपासणारी ही संसदेची समिती 1921 पासून आहे. 22 सदस्य, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही. 1967 मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले, तेव्हापासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. समिती अहवालातले विषय निवडते, खात्याच्या सचिवाची साक्ष घेते. शिफारशींवर काय केलं ते सरकारला सहा महिन्यांत कळवावं लागतं. दुबळी बाजू लपवत नाही: समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असतं, आणि 2011 मध्ये मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असताना टूजी स्पेक्ट्रम वाटपावरच्या अहवालाचा मसुदा बहुसंख्य सदस्यांनी फेटाळला. तिच्या अहवालावर सभागृहात चर्चा करण्याचंही बंधन नाही.

पण साक्षीला बोलावणं म्हणजे काय, ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. राज्यात लोकलेखा समितीसारखीच विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे, आमदारांची. ‘पीआरसी येणार’ ही बातमी आली की जिल्हा परिषदेत महिनाभर रात्री दिवे विझत नाहीत. आमच्याकडे शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा एक पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातला आक्षेप, होता. वाहतूकदाराच्या बिलात दाखवलेले कट्टे आणि शाळांच्या साठा नोंदवहीतले कट्टे जुळत नव्हते. आम्ही दोन वर्षं तेच उत्तर पाठवत होतो: अनुपालन सादर, पॅरा वगळण्यात यावा. त्या अनुपालनाखाली माझीही सही होती. समितीपुढे एका आमदारांनी एकच प्रश्न विचारला: ‘साहेब, शाळेत उतरवताना कट्टे कोणी मोजले?’ मुख्य कार्यकारी अधिकारी गप्प झाले, कारण कोणी मोजले नव्हते. त्यानंतर तीन महिन्यांत वाहतूकदाराकडून वसुली झाली आणि मोजणीची सही मुख्याध्यापकांकडून घेण्याचं परिपत्रक निघालं. रक्कम मोठी नव्हती. पण दोन वर्षांत जे आमच्या पत्रव्यवहाराने झालं नाही, ते एका प्रश्नाने झालं.

संसदेतला प्रश्न किती लांब पोचतो, याचं उदाहरण 1957 चं आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या सुमारे सव्वा कोटीच्या गुंतवणुकीबद्दल फिरोज गांधींनी लोकसभेत विचारलं. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘दोन टक्क्यांचाच हक्क’. हा मला सर्वांत वाईट वाटतो. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या प्रत्येक रुपयात आयकराचे 22 पैसे आहेत. जीएसटीचे 18, उत्पादन शुल्काचे 5 आणि सीमाशुल्काचे 4, मिळून 27. हे 27 पैसे साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज, एसटीच्या तिकिटात मुरलेलं डिझेल यांतून येतात, आणि ते सगळेच भरतात, उसाच्या फडात कोयता चालवणारी बाईसुद्धा. मग 24 पैसे कर्जाचे आहेत. ते फेडणारे आज शाळेत आहेत.

ज्या शाळांचा तांदूळ कमी भरला होता, त्यांतल्या दोन वस्तीशाळा होत्या. वसुलीनंतर मी पडताळणीला तिथे गेलो, पटावर एकोणीस मुलं होती. त्यांच्या पालकांत आयकर भरणारा एकही नव्हता. कट्ट्यांबद्दल सर्वांत आधी तक्रार केली होती ती मात्र त्यांच्यातल्याच एका आईने, ग्रामसभेत, आणि लेखापरीक्षकांनी पॅरा काढला तो इतिवृत्तातली तिची ओळ वाचून.