पायरीविना दार

पार्ल्यातील आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षभर चालू आहे आणि इंग्लंडमधील लेस्टरहून मी बहुतेक सभांना ऑनलाइन हजर असतो. कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी), पार्किंग यांवर तासन्‌तास बोलणे होते. नव्या इमारतीच्या प्रवेशाला पायऱ्या नकोत, असे मी सुचवले तेव्हा मात्र ‘पावसाचे पाणी आत शिरेल’ आणि ‘लिफ्ट असणारच आहे’ एवढ्यावर विषय मिटला.

लिफ्ट आजही आहे. पण तिच्या अलीकडे तीन पायऱ्या आहेत. वॉकर वरच्या पायरीवर ठेवायचा, एका हाताने कठडा धरायचा आणि दुसरा हात वॉचमनच्या खांद्यावर टाकायचा, अशी माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई त्या पायऱ्या चढते. दवाखान्याखेरीज ती आता खाली उतरतच नाही.

गेल्या वर्षी ती इकडे येणार म्हणून आम्ही पुढचे दार बदलून घेतले. बाहेरची फरशी घराच्या जमिनीच्या पातळीला आणून तिला दारापासून उलटा ढाळ दिला, दारासमोर जाळीची अरुंद पन्हळ बसवली आणि चौकटीखाली रबराची कड असलेली, जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीची पट्टी ठेवली. पाऊस इथे बारमाही असतो, तरी पाणी पन्हळीतच उतरते. आईने त्या पट्टीलाच उंबरठा मानून तिच्याबाहेर रांगोळी काढली, तेव्हा उंबरठा गेला म्हणून लक्ष्मी अडते ही माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असे मुळीच नाही. नव्या घरांना पायरीविना प्रवेशाचा नियम १९९९ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या असंख्य घरांना पायऱ्या आहेतच, आणि बदलासाठी मिळणारे सरकारी अनुदान प्रौढांच्या बाबतीत उत्पन्न तपासूनच दिले जाते. मुंबईचा पाऊसही इथल्यासारखा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यामुळे जोते उंच हवे हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. मात्र उंच जोते म्हणजे पायऱ्याच, हे मान्य नाही. पंचेचाळीस सेंटिमीटर चढायला एकास बारा या ढाळाने साधारण साडेपाच मीटर लांबीचा रॅम्प लागतो. बांधकाम झाल्यावर एवढी जागा शोधायची म्हटले तर कोणाचे तरी पार्किंग जाते; नकाशातच धरली तर फाटकापासून लॉबीपर्यंतची वाट सलग चढती ठेवता येते. वरच्या मजल्यांवरील घरांच्या दारांना तर पुराचे कारणही लागू होत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक असून भागणार नाही, ते सक्तीचे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. आमचे नकाशे अजून महापालिकेकडे गेलेले नाहीत. ते जाण्यापूर्वी जोत्याची उंची आणि वाटेचा ढाळ या दोनच आकड्यांवर एक सभा घ्यावी आणि ती खाली, त्या तीन पायऱ्यांपाशी घ्यावी, असे पत्र मी सचिवांना पाठवले आहे.