रजेचा पगार कोणाच्या गल्ल्यातून?

घरच्यांच्या आजारपणात काळजी घेणाऱ्या कामगारालाही विम्यातून पैसे मिळावेत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची तक्रार थोडक्यात अशी: भोसरीत चौदा माणसांचं वर्कशॉप आहे, त्यातली एखादी बाळंतपणाला गेली तर सहा महिने घरबसल्या पगार मी का द्यायचा? शिवाय आजारपणाच्या चिठ्ठ्या काय, पैसे टाकले की मिळतात. ('तुमच्यासारख्यांना लिहायला काय जातं' हे सोडून देतो.)

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. 2017 च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली आणि सरकारी विम्यात नसलेल्या बाईचं बिल मालकाच्या हातात ठेवलं. म्हणून तर मुलाखतीत 'लग्न झालंय का?' विचारतात. रजेचा पगार सरकारी विम्यातून जावा असं मी म्हणतो ते याचसाठी. आणि तुमच्याकडे तो आहेच: चौदा माणसं म्हणजे तुमच्या वर्कशॉपला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू आहे. 18,000 पगारावर तुमचे 585 आणि त्या कामगार बाईचे 135 दरमहा चालानने जातात. 70 दिवसांची वर्गणी भरलेली असली की बाळंतपणात पूर्ण पगार ईएसआय कॉर्पोरेशन तिच्या खात्यात टाकतं. तुम्हाला बदली माणूस शोधावा लागतो, तो ताप खरा.

कोंडी आहे ती ईएसआयच्या 21,000 पगाराच्या रेषेवर. पगार 21,500 केलात, की सहामाही संपताना, सप्टेंबर किंवा मार्चअखेर, ती विम्याबाहेर आणि पुढच्या बाळंतपणाचा पगार तुमच्या अंगावर. चांगल्या कामाची वाढ दिली म्हणून दंड! यावर बोंब मारणार असाल तर मीही येतो.

चिठ्ठ्यांचं म्हणाल, तर तिथे साधारणपणे ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पहिले दोन दिवस कोरडे, पुढे पगाराच्या 70 टक्के, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंत. एवढा पगार बुडवून हौसेने कोण आजारी पडेल? मी उलटंच जास्त पाहतो. हर्नियाचं ऑपरेशन झालेला हेल्पर, सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि कंत्राटदाराने चालानात हजेरी निम्मीच दाखवलेली, म्हणून त्याला आजारपणाचे पैसे नाहीत. लबाडी शोधायचीच तर तिथे शोधा.

लेखातल्या मुख्य मागणीवर मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. ईएसआयमध्ये कामगाराच्या बायकोवर उपचार होतात, पण तिच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याला त्या दिवसांचा छदामही मिळत नाही. कॅलिफोर्नियात घरच्यांच्या आजारपणासाठी 2004 पासून सरकारी फंडातून पैसे मिळतात आणि त्याची कपात कामगारांच्याच पगारातून होते, मालकाचा वाटा शून्य. आपल्याकडे वर्गणी थोडी वाढवून हे सुरू करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. सध्या कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात. ते किती झालेले तुमच्या माणसांना चालतील, त्यांनाच विचारून कळवा.