गवतातले गवत

गेल्या रविवारी सकाळी मी माझ्याच अंगणात गुडघे टेकून, हातात खुरपे घेऊन बसलो होतो आणि फाटकाबाहेर शेजारचे मामा पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी छातीशी धरून मला पाहत होते. घडले एवढेच, पण ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. पावसाळा सरता सरता, गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घरापुढे मी ४०० चौरस फूट 'मेक्सिकन' हिरवळ अंथरून घेतली. तण येणार नाही, अशी खात्री विक्रेत्याने दिली होती. त्याच्याच गालिच्याच्या मातीतून लव्हाळा उगवला आणि कुंपणाखालून हरळी आली. त्यातच एका थंड देशातल्या माळ्याने व्हिडिओत सांगितले की, मार्चमध्ये हिरवळ दंताळ्याने निर्दयपणे विंचरावी, म्हणजे मेलेले गवत निघून नवे फुटते. मी आज्ञाधारकपणे विंचरली. त्याचे गवत बर्फाखालून मार्चमध्ये जागे होते, आमचे मात्र मिरगाचा पाऊस पडल्यावर खरे उठते, हे मला सुचले नाही. आमच्याकडे फाल्गुनात काजूला बोंडे लागतात, फणसाचा पातेरा पडतो आणि नळाचे पाणी लहरीवर येते. आठ दिवसांत हिरवळीचा रंग उंड्याच्या पाठीसारखा झाला.

"कितें सोदता रे बाब? मुदी सांडली?" मामांनी विचारले.

अंगठी हरवलेली नाही, मी तण काढतो आहे, असे मी सांगितले, आणि येथेच माझ्या मराठीने घात केला. मराठीत तण म्हणजे नको असलेले गवत; मामांच्या कोकणीत तण म्हणजे गवतच, मग ते गायीने खाल्लेले असो वा मी पैसे मोजून आणलेले.

"तण काडटा?" मामांनी पिशवी डाव्या बगलेत घेतली. "मागीर दवरतलो कितें?"

सगळे काढल्यावर ठेवणार काय, हा प्रश्न तर्कशुद्ध होता. मी गवतातले वाईट गवत काढून चांगले गवत ठेवणार असल्याचा खुलासा केला. त्यावर मामा फाटक उघडून आत आले, चष्मा नाकावर खाली ओढून वाकले आणि मला वाईट गवत दाखवायला सांगितले. मी लव्हाळ्याची काडी दिली. त्यांनी ती बोटांत फिरवून तिच्या तिन्ही कडा चाचपल्या आणि, पाने उपटून काही होत नाही, जमिनीखालच्या गाठी निघाल्या पाहिजेत, हे मला आधीच ठाऊक असलेले सत्य नव्याने ऐकवले. मग चांगले गवत दाखवायला सांगितले. मी त्या तपकिरी पट्ट्याकडे बोट दाखवले. मामा बराच वेळ गप्प राहिले.

"ह्या तणाची मुंज केल्या कितें?" त्यांनी अखेर विचारले.

यापेक्षा एखाद्याने सरळ अपमान केलेला बरा. शिवाय हे सर्व चालू असताना त्यांचे उंडे निवत होते आणि त्यांना त्याचे काहीही वाटत नव्हते. म्हणजे माझी फजिती गरम न्याहारीपेक्षा अधिक चविष्ट होती. मी उपटून ठेवलेल्या हरळीच्या ढिगाकडे लक्ष जाताच मात्र त्यांचा चेहरा पालटला. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. देवाच्या दुर्वा कचऱ्यात टाकतो म्हणून मला दोन शब्द ऐकवून, त्यांनी तीन-तीन पात्यांच्या कोवळ्या २१ जुड्या निवडून उंड्यांवर ठेवल्या आणि गणपतीच्या चवथीपर्यंत कुंपणाचा कोपरा उपटायचा नाही, असा हुकूम सोडला. ज्या गवतावर मी पाणी ओतले ते वाळले होते, आणि ज्याला थेंब दिला नाही ते देवाला चालले होते.

फणसाच्या पातेऱ्याची सात पोती मात्र माझीच राहिली. कचऱ्याची गाडी प्लॅस्टिक नेते, पाने नेत नाही. पाने झाडाची, झाड तुमचे, असे तिच्यावरचा माणूस म्हणतो. जाळावीत तर धूर थेट मामांच्या ओटीवर जातो, आणि त्या ओटीवरून पुन्हा काय ऐकावे लागेल हे मी जाणून आहे. खड्डा खणून कुजवावीत, असे सगळे सांगतात. आमच्या अंगणात वीतभर मातीखाली चिरा लागतो, त्यावर पहार आपटायला यातला एकही जण येत नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला फाटक वाजले. बाहेर वाड्यावरची दोन माणसे आणि ताटली घेतलेली एक लहान मुलगी उभी होती.

"मामान सांगलां, तुमगेर दुर्वा मेळटात."

मी कोपरा दाखवला. माणसे सरळ गेली. मुलगी मात्र चप्पल हातात घेऊन हिरवळीच्या कडेला थांबली आणि अदबीने म्हणाली, "ह्या सुकिल्ल्या तणार पांय दवरल्यार चलता मूं?"