आवाज डब्याचा की माझा?

काल संध्याकाळपासून आमच्या घरात एक नवा खेळ सुरू झालाय. मी सोफ्यावरून उठलो, की चिरंजीव लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारतात, "बाबा, आवाज तुमचा की डब्याचा?" मग सून हसते. मग स्वयंपाकघरातून बायकोही हसते. या गुडघ्यांनी तीस वर्षं डोंबिवली स्टेशनचा जिना चढला-उतरला, तिच्या भाजीच्या पिशव्यांसकट, हे तिला पक्कं ठाऊक असूनही हसते.

आम्ही सध्या अमेरिकेत सेंट लुईसला मुलाकडे आहोत, सहा महिने. आईवडील आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची इथल्या प्रत्येक मराठी घरात एक ठरीव यादी असते. मिसिसिपीच्या काठावरची ती प्रचंड कमान, म्हणजे गेटवे आर्च, फॉरेस्ट पार्कातलं प्राणिसंग्रहालय, बोटॅनिकल गार्डन आणि बिअरच्या कारखान्यातले दांडगे घोडे. आमची अडचण अशी, की आम्ही या यादीवरची दुसरी तुकडी. पहिल्या तुकडीत सुनेचे आईवडील होते, ते मे महिन्यातच सगळं उरकून गेले. त्यामुळे कुठेही जा, आमचे व्याही आधीच तिथे जाऊन आलेले असतात. "ते तर जिराफापाशी अर्धा तास उभे होते हो!" "त्यांनी तर घोड्याला हात लावला!" परवा मी बागेत एका बाकावर टेकलो, तर कळलं की तो बाकही त्यांचाच.

तर काल शनिवारी कमान. सून आली नाही, तिचं बघून झालं होतं.

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत पुलांचे नकाशे काढले. कमान म्हटल्यावर मला जरा उत्साहच आला होता. शिवाय हिची गोष्ट मोठी मजेची आहे. 1947-48 साली आराखड्यांची स्पर्धा झाली, तिच्यात वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन आणि त्यांचा वास्तुरचनाकार मुलगा इरो, दोघांनीही आपापले आराखडे पाठवले. निवड झाल्याची तार आली ती वडिलांच्या नावे. घरात शॅम्पेन फुटली. मागाहून उलगडा झाला, की तार चुकली, आराखडा मुलाचा निवडलाय. वडिलांनी मग मुलासाठी दुसरी बाटली फोडली म्हणे. फोडली असेल. पण पहिली बाटली संपून दुसरी उघडेपर्यंतच्या वेळात त्या बापाच्या पोटात काय झालं असेल, ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. ते मला काल डब्यात बसल्यावर समजलं.

डबा म्हणजे वर जायचं वाहन. कमान आतून पोकळ आणि वाकडी, त्यामुळे सरळ लिफ्ट चालत नाही. रिचर्ड बाउझर नावाच्या माणसाने 1960 साली दोन आठवड्यांत तोड काढली. हा कॉलेज अर्धवट सोडलेला गडी. त्याने थोडी लिफ्ट, थोडा जत्रेतला पाळणा असं एकत्र केलं आणि आठ डब्यांची माळ करून कमानीच्या पायातून वर ओढली. एका डब्यात पाच माणसं. डबा अंड्यासारखा, आतून पांढराशुभ्र, आणि दार 4 फुटांचं. देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसं कमरेत वाकून आत जायचं, फरक इतकाच की आत देव नाही, एक मुलगा बसलेला.

वय असेल आठ-नऊ. गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल, मांडीवर एक पुस्तिका. शेजारी त्याची आई. त्या दोघांत आम्ही तिघं भरलो आणि दार लागलं. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून सीएसटी गाठलेल्या माणसाला दाटीवाटीचं काही वाटत नाही. पण लोकलमध्ये एक सभ्यता असते, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. इथे मुलाचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकलेले आणि त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर.

"मी ज्युनिअर रेंजर होणार आहे," तो म्हणाला. "हे राष्ट्रीय उद्यान आहे. 2018 पासून. देशातलं सगळ्यात लहान."

मी मान डोलावली. आमचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवली, तिथे बिबट्या असतो. इथे ना वाघ, ना हरीण, एक स्टेनलेस स्टीलची कमान आणि हा.

"कमान उंच जास्त आहे की रुंद जास्त?"

आता हा प्रश्न कुणाला विचारताय, असं मला म्हणावंसं वाटलं. एकतीस वर्षं! मी जरा मागे टेकून, म्हणजे टेकायला जागा नव्हती, पण टेकल्यासारखं करून म्हणालो, "अर्थात उंच."

"दोन्ही 630 फूट," तो म्हणाला. "बऱ्याच लोकांचं चुकतं. लहान मुलांचंसुद्धा."

चिरंजीव खोकले. ते खोकणं नव्हतं.

इतक्यात डबा हलला आणि 'खटॅक्' असा आवाज झाला. कमानीच्या वळणाबरोबर डबा कलतो, मग झटका खाऊन पुन्हा सरळ होतो, त्याचा तो आवाज. नेमका त्याच क्षणी मी पाय सरळ करायला गेलो आणि माझा उजवा गुडघा वाजला.

मुलगा एकदम पुढे वाकला. "तो आवाज तुमचा की डब्याचा?"

"डब्याचा."

"मला दोन ऐकू आले."

त्याची आई गोड हसून म्हणाली, याला फार कुतूहल आहे हो. इथे मुलाने काहीही केलं तरी ते कुतूहल असतं. आमच्या लहानपणी त्याला आगाऊपणा म्हणत आणि त्यावर एक जुना, खात्रीचा उपाय होता.

पुन्हा खटॅक्. "हा?" "डब्याचा." पुन्हा. "आणि हा?" मी गप्प. पोरगा पुस्तिकेच्या समासात रेघा ओढत होता. दोन रकाने केले होते, एक डब्याचा आणि एक माझा. माझ्या रकान्यात तीन रेघा होत्या. मला विचाराल तर एकच न्याय्य होती.

बायकोने माझा चेहरा बघून पर्समधून आवळा सुपारीची डबी काढली. "अहो, हे धरा तोंडात, मळमळणार नाही." मला मळमळत नव्हतं. पण आता डब्यातल्या पाचही जणांना वाटायला लागलं की मळमळतंय. मुलाने डबीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, आमच्या सशाच्या लेंड्या अशाच दिसतात. बायकोने प्रेमाने डबी त्याच्यापुढे धरली. त्याच्या आईने 'नो थँक यू' असं त्या लेंड्यांवर नजर ठेवूनच म्हटलं.

"तुम्ही घाबरलात का?"

इंग्रजीतल्या 'यू'ची ही एक पंचाईत. तो तू आहे की तुम्ही, हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. मी आपला इतका वेळ तुम्ही धरून चाललो होतो. या वेळचा मात्र मला स्पष्ट 'तू' ऐकू आला.

"नाही."

"वारा सुटला तर कमान 18 इंच हलू शकते. अडकलो तर जिना आहे, 1,076 पायऱ्या." त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "तुमचं वय काय?"

"सदुसष्ट."

"माझे आजोबा सदुसष्टचे होते."

होते. आई म्हणाली, "हनी!" डब्यात शांतता पसरली. दाराच्या काचेतून त्या 1,076 पायऱ्यांपैकी काही, पिवळ्या दिव्यात, खाली सरकताना दिसत होत्या. वर पोचायला चार मिनिटं लागतात म्हणे. कल्याण-डोंबिवलीला याहून फारसा जास्त वेळ लागत नाही आणि तिथे कुणी तुमच्या मरणाची तारीख काढत नाही.

वरची खोली म्हणजे एक लांबोडका, पाठीवर फुगलेला बोळ. खिडक्या 7 बाय 27 इंच. पोस्टाच्या पेटीला जरा मोठं तोंड केलं तर कसं दिसेल, तशा. उतरत्या भिंतीवर पोट टेकून पालथं पडायचं आणि खाली बघायचं. पूर्वेला मिसिसिपी आणि पलीकडे इलिनॉय. पश्चिमेला शहर आणि बरोबर समोर हिरव्या घुमटाचं जुनं कोर्ट. ड्रेड स्कॉट आणि हॅरिएट या गुलाम नवराबायकोने 1846 साली आपल्या सुटकेचा दावा लावला, तो याच गावात, आणि खटला याच कोर्टात उभा राहिला. अकरा वर्षं झगडून सर्वोच्च न्यायालयात हरले. मला खरं तर ते बघायचं होतं. तळघरातलं संग्रहालयही नीट बघायचं होतं, पण त्यातून आम्ही डब्याची वेळ गाठायला पळतच गेलो. आणि कोर्ट? "बाबा, पुढे पिझ्झ्याचं ठरलंय." जी गोष्ट बघायला मी समुद्र ओलांडून यावं ती काडेपेटीएवढी बघायची, आणि दातांना चिकटणाऱ्या चीजचा चौकोनी कापलेला पिझ्झा मात्र एक तास खायचा. व्याह्यांना तो फार आवडला होता, हे सांगायला नकोच.

मी पालथा पडलेलो असतानाच शेजारच्या खिडकीतून आवाज आला. "खिडक्या लहान का आहेत, माहितीये?"

खरं सांगायचं तर इथे पोराने मला गार केलं. कमानीचे दोन पाय वेगवेगळे वर चढवत आणले आणि 28 ऑक्टोबर 1965 ला मधला शेवटचा तुकडा बसवला. त्यासाठी दोन्ही टोकं प्रचंड जोर लावून फाकवावी लागली. तो दाब अजूनही तिथे आहे, मोठ्या खिडक्या टिकल्या नसत्या. आणि त्या दिवशी उन्हाने दक्षिणेचा पाय तापून फुगला, माप जुळेना, म्हणून आगीच्या बंबवाल्यांनी त्याच्यावर पाण्याचे फवारे मारले. हे तो इतकं मन लावून सांगत होता, की मी विरघळलो. म्हटलं, मीही पूल काढायचो, लोखंड उन्हात वाढतं, त्यासाठी सांध्यात फट ठेवावी लागते. मैत्रीच्या भरात हेही सांगितलं, की विमानप्रवासात माझाही डावा पाय असाच फुगला होता.

त्याने खाली वाकून माझा पाय नीट निरखला. "मग पाणी मारलं का?"

उतरताना तीन मिनिटं. नशिबाने पुन्हा तीच पाच माणसं. तो लिहीत होता. मी म्हटलं, दाखव बघू. त्याने आनंदाने दाखवलं. कमानीचं चित्र, खाली एका काडीमाणसाला फुगलेला एक पाय, आणि मजकूर: 'एक आजोबा भेटले. भारताचे. पूल काढायचे. उंची-रुंदी चुकली. घाबरले होते पण नाही म्हणाले.'

खाली त्याने हात वर करून शपथ घेतली आणि त्याच्या छातीवर ज्युनिअर रेंजरचा बिल्ला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

हे इथेच संपलं असतं. पण चिरंजीव डब्यात मोबाइल मांडीवर धरून बसले होते ते उगाच नाही. घरी येईपर्यंत सगळं चित्रण कुटुंबाच्या ग्रुपवर पडलेलं. पुण्याच्या बहिणीने हसून लोळणारे सहा चेहरे पाठवले. मग व्याह्यांचा निरोप आला: "छान! आम्हाला तर चढल्याचं कळलंसुद्धा नाही." पुढे जोडलेले हात.

मी काही बोललो नाही. पण रात्री झोप येईना, तेव्हा कल्याणची दुर्गाडीची जत्रा आठवली. नवरात्रात सहा वर्षांच्या चिरंजीवांना मी पाळण्यात बसवलं होतं. अर्ध्या फेरीतच त्यांनी असा काही टाहो फोडला, की पाळणेवाल्याने पाळणा थांबवला आणि रांगेतल्या पन्नास माणसांसमोर मी त्यांना खांद्यावर टाकून उतरवलं. माझा शर्ट भिजला होता, कशाने ते सांगत नाही. तेव्हाही सगळे हसत होते. मी हसलो नव्हतो. गावभर सांगितलंही नव्हतं. आईलासुद्धा सांगितलं, की पाणी सांडलं.

जत्रेतल्या फोटोवाल्याने मात्र तेवढ्यात एक फोटो काढला होता आणि मी तो पाच रुपयांना विकत घेतला होता. त्यात वाहतं नाक, वासलेलं तोंड आणि ओली चड्डी असं सगळं स्वच्छ दिसतं. अल्बम डोंबिवलीला माळ्यावर आहे, पितळी भांड्यांच्या पोत्यामागे. आमचं परतीचं विमान 14 नोव्हेंबरला आहे. ग्रुपवर व्याही आहेतच.